पेन्सिलीतले करकोचे

अकोल्याच्या कोर्टात त्या दिवशी माझं काम दुपारच्या सुट्टीनंतर निघायचं होतं. बाररूमच्या दाराशी शिपायानं एक पोस्टकार्ड माझ्या हातात ठेवलं. अमरावतीच्या घरी आलेलं, तिथून पत्ता बदलून पुढे पाठवलेलं. वरचा कोपरा फाडलेला होता. असं कार्ड हाती आलं की मजकूर वाचायच्या आधीच माणूस मनातल्या मनात आपल्या घरच्या म्हाताऱ्यांची नावं घेऊ लागतो. मीही घेतली. आत्याचं घेतलं, नागपूरच्या मामांचं घेतलं... सुखदेवजींचं नाव तेवढं घेतलं नाही. ते घ्यायची हिंमत नव्हती. कार्डावरचं अक्षर त्यांच्या सुनेचं, रुखमाचं होतं. ‘काकाजींस नमस्कार. मामाजी सोमवारी सकाळी गेले. खोकला उतरलाच नाही. वही तुम्हाला द्यायला सांगून गेले आहेत, ती घेऊन जावी.’ सासऱ्याला ती मामाजी म्हणायची आणि मला काकाजी. खरं सांगायचं तर ते कार्ड वाचून मला आधी रडू आलं नाही, नजर एकाच शब्दावर अडकली. वही! त्या वहीत माझ्यामुळे एक खोटी गोष्ट गेली होती, आणि ती खोटी आहे हे आता माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. निदान त्या दिवशी मी तसं समजत होतो.

सुखदेवजी कोण, हे या अंकाच्या वाचकांना माहीत असायचं कारण नाही. वर्धा नदीच्या काठी, कौंडण्यपूरच्या अलीकडे, एक लहान गाव आहे. तिथे त्यांची बागायत. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि हिवाळ्यात नदी आटली की वाळूत डांगराचे वेल. जातीचे माळी, शिक्षण मराठी चौथी, अंगात बंडी, हातात काठी आणि खांद्यावर गोफण. भोरड्यांचे थवे ज्वारीवर उतरले की ते गोफण फिरवायचे. गोफणीत दगड मात्र नसायचा, नुसता आवाज काढायचे आणि ओरडायचे, “झाला तुमचा वाटा, आता निंगा!” शेजारचे शेतकरी त्यांना हसायचे. दगड का घालत नाही असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “आवाजानं जाते तं दगड कायले?” मी वांग्यांच्या भावाची चौकशी करून विषय बदलला. त्यांच्यासमोर मला फार वेळा असंच करावं लागायचं, आणि वकिलाला ते बरं नसतं.

आमची ओळख झाली तीच मुळी कोर्टात, आणि एकमेकांच्या विरुद्ध बाजूंनी. अमरावतीला एक दावा होता, शेताचा बांध फोडल्याचा. मी प्रतिवादीचा वकील आणि ते वादीचे साक्षीदार. बांध कोणत्या दिवशी फुटला यावर सगळा दावा उभा होता, आणि हा माणूस तारीख अगदी छातीठोक सांगत होता. मी विचारलं, “सात महिन्यांपूर्वीची तारीख तुम्हाला एवढी पक्की कशी आठवते?” ते म्हणाले, “थ्या दिवशी करकोचे आले, साहेब. सकाऊन करकोचे आले अन् सांजच्याले बांध फुटला.” कोर्टात हशा पिकला. मला चेव आला. “आणि करकोचे कोणत्या तारखेला आले, हे तुम्हाला कोणी सांगितलं? करकोच्यांनी?” आणखी हशा. सुखदेवजी हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी बंडीच्या खिशातून शाळेतल्या पोरांची असते तशी एक रुलाची वही काढली आणि न्यायाधीशांपुढे धरली. तिच्यात नऊ हिवाळ्यांच्या तारखा होत्या. चक्रवाक कधी आले, थापट्या बदकं कधी आली, करकोचे कधी उतरले आणि कधी गेले. भाजीवाल्या माळ्याच्या वहीत असं काही निघेल, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

मी हरतो आहे हे मला दिसत होतं, म्हणून मी वही चाळली आणि एका नोंदीवर बोट ठेवलं. “ही पाहा. चक्रवाक आले. पण त्या आठवड्यात तुम्ही बहिणीकडे लग्नाला होतात, हे मघाशी तुम्हीच सांगितलंत.” ते म्हणाले, “व्हय. भावानं पाह्यले, थ्यानं मले सांगतलं.” मी गरजलो, “म्हणजे ऐकीव! ऐकीव गोष्ट पुराव्यात चालत नाही. जे स्वतः पाहिलं, स्वतः ऐकलं, तेवढंच सांगायचं.” सुखदेवजींचा चेहरा एकदम उतरला. दावा मी हरलोच, त्या वहीनंच हरवला. पण संध्याकाळी कोर्टाच्या आवारात ते मला शोधत आले. मी मागे सरकलो, म्हटलं आता हा माणूस चार गोष्टी सुनावणार. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, “वकीलसाहेब, तुमचं बरोबर हाये. माह्या वहीत पाह्यलेलं अन् ऐकलेलं सारं एकाच शाईचं हाये. हे चूक झाली माही.” दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी रिवाज पाडला. स्वतःला कळलं ते शाईनं आणि दुसऱ्यानं सांगितलं ते पेन्सिलीनं. वहीला दोऱ्यानं एक पेन्सिल कायमची बांधून टाकली. जाता जाता मला म्हणाले, “एकडाव या गावाले. करकोचे दाखवतो.”

मी गेलो तो निव्वळ कुतूहलानं, आणि थोडा हरलेल्या माणसाच्या चिडीनं. मग दर वर्षी जात राहिलो. पौषातला पहिला रविवार आमचा ठरलेला. शनिवारी अमरावतीहून सर्व्हिस मोटरनं कुऱ्ह्याला, तिथून बैलगाडीनं त्यांच्या गावी. रविवारी उजाडता उजाडता गावाच्या वरच्या अंगाचं जुनं तळं, उन्हं चढली की तळ्याच्या सांडव्याखालची लव्हाळ्याची पाणथळ, आणि दुपार कलली की नदी. कारण करकोचे दिवसभर हरभऱ्याच्या रानात असतात आणि सूर्य टेकला की वाळूवर रात्रीला उतरतात. पहिल्या वर्षी ते उतरताना मी पाहिले तेव्हा, चाळिशीचा माणूस, तोंड उघडं टाकून उभा राहिलो होतो. शेकडो पक्षी, आणि सगळे एकदम बोलणारे. आभाळच बोलायला लागलं असं वाटलं. मी स्वभावानं काळजीखोर. मोटर चुकेल, पाय मुरगळेल, साप निघेल, अशी माझ्या डोक्यात नेहमी एक यादी चालू असते. त्या घटकाभरात ती यादी थांबायची, म्हणून मी वर्षभर त्या रविवारची वाट पाहायचो. पुढे विलायतेला परत चाललेल्या एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात मी दुर्बीण घेतली. सुखदेवजींनी ती एकदाच डोळ्यांना लावली आणि परत दिली. म्हणाले, “पक्षी जवळ येते, पन बाकी सारं दूर जाते.”

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांचं मला कळलं. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं म्हणायचे. तळ्याच्या मधोमधची बदकं दिसायची, पण कडेची दिसायची नाहीत. मी हट्टानं त्यांना अमरावतीला नेलं. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, काचबिंदू आहे, मोतीबिंदू असता तर काढला असता. परतताना टांग्यात मी ते त्यांना सांगितलं. राजकमल चौकाच्याही बरंच पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, “म्हंजे आता सारं पेन्सिलीनंच?” मी आयुष्यात बरेच अवघड प्रश्न ऐकले आहेत, पण असा ऐकला नव्हता. मी घाईघाईनं म्हणालो, “छे! पक्ष्याचा आवाज तुम्ही तुमच्या कानानं ऐकलात तर तो प्रत्यक्ष पुरावा. माणसानं सांगितलं तर ऐकीव. तुम्ही ऐकाल ते बेलाशक शाईनं लिहा. कायदाच आहे तसा.” त्यांनी माझा हात दाबला. त्या दिवसापासून या माणसानं, साठी ओलांडल्यावर, आवाज नव्यानं शिकायला घेतले. थापट्यांची चोच पाण्यात कशी फुरफुरते, चांदवे उडताना पाण्यावर कसे धावतात, शेकाट्या कसा चिडून किंकाळतो. दोन वर्षांत नजर पुरती गेली. वही रुखमा लिहायची. मामाजी सांगतील ते, सांगतील त्यानं.

ही वही मोलाची आहे, हे मीच एका नागपूरच्या प्राध्यापकांना कळवलं होतं. वऱ्हाडातल्या एकाच ठिकाणी एकाच माणसानं वीस हिवाळे केलेल्या नोंदी! त्यांनी ती पाहायला मागितली, तेव्हा सुखदेवजींना केवढा आनंद झाला होता. “द्या म्हना, पन मी मेल्यावर,” म्हणाले. “अन् सांगा त्यायले, या वहीत खोटं एक अक्षर नाई.”

आता त्या शेवटच्या रविवाराकडे यायला हवं. इतका वेळ मी ते टाळतो आहे, हे वाचकांच्या ध्यानात आलंच असेल.

यंदा करकोचे आले नव्हते. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला, पौष लागला. कोणी म्हणे, खालच्या अंगाला नाताळच्या शिकारीच्या बंदुका वाजल्या म्हणून ते दुसऱ्या नदीवर गेले. कोणी म्हणे, यंदा हरभराच कमी. वीस हिवाळ्यांत असं कधी झालं नव्हतं. सुखदेवजी खोकत होते, उतरले होते, आणि एकच गोष्ट घेऊन बसले होते. करकोच्यांचा आवाज ऐकायचा आणि यंदाची ओळ शाईनं लिहायची. निघताना रुखमा दारात आडवी उभी राहिली. “काकाजी, डॉक्टरनं यायच्या छातीले गारठा लागू देऊ नका म्हनलं हाये. पान्यात जाऊ देऊ नका. अन् दिवस बुडाच्या आंधी घरी आना.” मी म्हणालो, “आणतो. शब्द दिला.” आतून सुखदेवजी ओरडले, “वकिलाचा शब्द हाये बाई, लेहून घे!” ती हसली नाही.

आमची चालायची रीत ठरली होती. काठीचं पुढचं टोक माझ्या हातात, मागचं त्यांच्या. तळ्याच्या काठी पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं. ते मान तिरपी करून उभे राहिले आणि बोलू लागले, “थापटे हायेत. चार-पाच असतीन... धोबी पाठीमागं, दगडावर चिवचिवून राह्यला... चांदवे लय हायेत, राजेहो.” मी दुर्बिणीतून पाहायचो आणि प्रत्येक वेळी ते बरोबर निघायचे. इतक्यात लव्हाळ्यावरून एक भोवत्या तरंगत आला. हा पाणथळीवर घिरट्या घालणारा शिकारी पक्षी, घारीपेक्षा सडपातळ. पंख वर धरून अगदी पाण्यालगत. मी म्हणालो, “थांबा हं, एक मिनिट.” आणि दोन्ही हातांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. दोन्ही हातांनी. म्हणजे काठी सोडली... पक्षी पाहणाऱ्या माणसाला आयुष्यभर जी सवय लागते, तिनं माझा घात केला. भोवत्याला पाहून चांदव्यांचा सगळा थवा पाण्यावरून धडधडत उठला, आणि त्या आवाजाकडे सुखदेवजींनी पाऊल टाकलं. नुसतं एकच पाऊल.

मी वळलो तेव्हा ते कमरेएवढ्या गाळात होते. थंडगार काळा गाळ. मी पालथा पडून काठावर राहिलेली काठी पुढे केली, त्यांनी ती चाचपडत धरली, आणि कसा कोण जाणे मी त्यांना ओढून काढलं. मी माझ्या कोटाच्या गुंड्या काढू लागलो. काठावर बसल्या बसल्या धाप लागलेल्या आवाजात ते पहिलं वाक्य काय बोलले असतील? “काय व्हता? भोवत्या?” मी रडकुंडीला येऊन म्हणालो, “भोवत्याच होता. घरी चला आधी.” ते म्हणाले, “घरी गेलो तं रुखमा पुन्हा निंगू देईन का?” मी पुष्कळ सांगितलं, हात जोडले. त्यांनी ऐकलं नाही. आणि मी, ज्यानं शब्द दिला होता त्यानं, ऐकून घेतलं. का ऐकून घेतलं? घरी गेलो असतो तर मी काठी सोडली हे रुखमाला सांगावं लागलं असतं. इतकी साधी, इतकी भित्री गोष्ट होती ती. आजवर मी स्वतःशी म्हणत आलो की त्यांच्या हट्टापुढे माझं चाललं नाही. ते खरं नाही.

त्यांच्या अंगात माझा कोट घातला, मफलर गुंडाळला आणि त्यांना उन्हात एका खडकावर बसवून धोतर वाळत टाकलं. दुपारभर मी दर पाच मिनिटांनी विचारत होतो, थंडी वाजते का, छातीत दुखतं का. शेवटी ते म्हणाले, “वकीलसाहेब, उलटतपासणी पुरे.” भाकर त्यांनी चतकोरच खाल्ली. पुढे पाणथळीत आम्ही काय पाहिलं ते मला आज आठवत नाही. त्यांच्या खोकल्याची संख्या तेवढी आठवते, कारण मी ती मोजत होतो.

नदीवर पोचलो तेव्हा सूर्य कलला होता. दरडीच्या आडोशाला बसलो. ऊन आमच्या पाठीमागून येत होतं, त्यामुळे पलीकडची वाळू अशी लख्ख उजळली होती की तिच्यावरची प्रत्येक टिटवी मोजता यावी. टिटव्या दोन होत्या. एक ढोकरी होती. बाकी काही नव्हतं. सुखदेवजी म्हणाले, “येतीन. सूर्य टेकला का येतेत.” सूर्य टेकला. गारठा जमिनीतून वर यायला लागला. त्यांचे दात वाजत होते आणि ते वाजू नयेत म्हणून त्यांनी जबडा आवळला होता, ते मला दिसत होतं. “चला आता,” मी म्हणालो. “आवाज ऐकल्याबिगर नाई उठत.” थोड्या वेळानं पुन्हा म्हणालो, “सुखदेवजी, रुखमाला शब्द दिलाय मी.” त्यांनी नाही म्हणून मान हलवली. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा त्यांना खोकल्याची अशी उबळ आली की मी त्यांची पाठ धरून बसलो, आणि हाताखाली मला त्यांच्या बरगड्या लागल्या. ओल्या बंडीची गार ओल कोटातून माझ्या तळव्याला जाणवली. हा माणूस इथंच, माझ्या हातात जातो की काय, अशी भीती मला वाटली... आणि मी म्हणालो, “आले.”

ते एकदम ताठ झाले. “कोठी?”

“पलीकडच्या वाळूवर. आत्ताच उतरले.”

“किती?”

“साठ असतील. साठ-सत्तर.”

“मंग बोलून काहून नाई राह्यले?”

“लांब आहेत. वारा उलटा आहे.”

त्यांनी तोंड नदीकडे केलं आणि डोळे मिटले. वारा नदीकडूनच येत होता. ओल्या वाळूचा वास त्याच्याबरोबर येत होता. पलीकडच्या गावात एक कुत्रं भुंकलं, ते अगदी कानाशी भुंकल्यासारखं ऐकू आलं. मी वकील आहे, आयुष्यात पुष्कळांच्या खोट्या साक्षी ऐकल्या, दिली मात्र तेवढी एकच. ते तसेच मान तिरपी करून ऐकत राहिले. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि म्हणाले, “चाला मंग. रुखमा वाट पाहून राह्यली असंन.” वाटेत ते सांभाराच्या बियाण्याबद्दल बोलत राहिले. करकोच्यांचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. दारात रुखमानं कपड्यांकडे पाहिलं, तर मी म्हणालो, “तळ्यावर थोडे शिंतोडे उडाले.” दिवसातलं दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

सोमवारी सकाळी त्यांच्या अंगात कणकण होती. माझं अकोल्याला काम होतं, मी मोटर गाठली. तारीख मागून घेता आली असती, पण मी मागितली नाही. बाराव्या... नाही, पंधराव्या दिवशी ते गेले. मला दिवससुद्धा धड मोजता आले नाहीत, याचीही आता लाज वाटते.

तेराव्यालाही मी गेलो नाही. कामाची सबब पुढे केली. नागपूरच्या प्राध्यापकांची दोन पत्रं येऊन पडली, वही कधी पाठवता म्हणून. शेवटी महिनाभरानं एका रविवारी गेलो. रुखमानं पाणी दिलं, चहा दिला, आणि समोर बसली. मी मनात एक भाषण तयार करून नेलं होतं. ते सुरू करायच्या आधीच ती म्हणाली, “थे कपडे म्याच धुतले, काकाजी. गाळ कमरेच्या वर व्हता. शिंतोडे असे उडत नाईत.” मी खाली पाहिलं. म्हणालो, “रुखमा, काठी माझ्या हातून सुटली. सुटली नाही, मी सोडली. पक्षी पाहायला.” तिनं रिकामा कप उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, “राग तं आला व्हता. अजून बी हाये. पन मामाजीनं सांगून ठेवलं व्हतं, वकिलाले काई बोलू नको म्हने, थो माह्यापेक्षा जास्त भेला हाये.”

कोनाड्यातून तिनं वही काढून माझ्यापुढे ठेवली. पेन्सिल दोऱ्याला तशीच लोंबत होती, आता बोटभरच उरलेली. शेवटचं लिहिलेलं पान तिनंच उघडून दिलं. तापात असताना दोन दिवसांनी त्यांनी ते सांगून लिहवून घेतलं होतं. वर शाईनं होतं, ‘थापटे. चोचीचा आवाज ऐकला.’ खाली शाईनंच, ‘चांदवे पुष्कळ उडाले.’ मग पेन्सिलीनं, ‘भोवत्या. वकीलसाहेबांनी पाहिला.’ आणि त्याखाली पुन्हा पेन्सिलीनं, ‘करकोचे साठ-सत्तर. वकीलसाहेबांनी सांगितले.’ आणि त्याच ओळीत पुढे शाईनं, ‘वारा नदीकडून होता. पलीकडच्या कुत्र्याचा आवाज आला. करकोच्यांचा आला नाही.’

भोवत्या पाहिला. करकोचे सांगितले. चौथी शिकलेल्या माळ्यानं चार ओळींत माझी साक्ष मोडून काढली होती, आणि मला खोटा असा शब्द मात्र कुठे लावला नव्हता. वाळूवर काही नाही हे त्यांना तिथंच कळलं होतं. तरी ते उठले होते. माझ्यासाठी उठले होते. मला वाटत होतं मी त्यांना फसवून घरी आणलं. खरं म्हणजे भेदरलेल्या मला त्यांनीच हाताला धरून घरी आणलं होतं, आणि वाटेत माझं मन रमावं म्हणून सांभाराच्या बियाण्याच्या गोष्टी सांगितल्या होत्या.

पानाच्या अगदी तळाशी आणखी एक ओळ होती, शाईची. ‘वकीलसाहेब दिवसभर सोबत होते.’

रुखमा म्हणाली, “हे कायनं लेहू म्हनून म्या इचारलं. तं म्हने, शाईनं लेह. हे मले स्वतःले माईत हाये.” मग मात्र मी रडलो, तिच्यासमोर, लहान मुलासारखा. ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

वही आज माझ्या टेबलावर आहे, उद्या नागपूरला जाईल. पेन्सिलीची ओळ खोडायला कितीसा वेळ लागतो? रबर इथंच दौतीशेजारी पडलं आहे. चार दिवस मी त्याच्याकडे पाहतो आहे. पण ती ओळ खोडली तर माझं खोटं कळूनही त्यांनी तिच्याखाली शाईनं जे लिहवलं, त्याला काय अर्थ उरेल? म्हणून वही आहे तशीच जाईल, पेन्सिलीसकट, आणि तिच्यासोबत हा लेख जाईल. त्या रविवारी वर्धेच्या वाळूवर एकही करकोचा उतरला नव्हता. हे मला कोणी सांगितलेलं नाही, मी स्वतः पाहिलं आहे, आणि शाईनं लिहितो आहे.